बदली आणि बाकी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, वरळी या मुंबईच्या भागांत पहाटेचा भोंगा झाला की गिरणीच्या दरवाजावर दोन प्रकारची माणसे दिसत. एक आत जाणारी आणि दुसरी आत घेतले जाण्याची वाट पाहणारी. खात्यात आज कोण आलेला नाही याचा अंदाज घेऊन जॉबर बाहेर येई आणि जमलेल्यांतून हवी तेवढी माणसे वेचून नेई. उरलेले परत फिरत. कोणी दुसऱ्या गिरणीच्या दरवाजाकडे, कोणी खोलीकडे. या माणसांना ‘बदली’ म्हणत. साचा दुसऱ्याचा, हजेरीतले नाव दुसऱ्याचे, आणि एका दिवसापुरती मजुरी तेवढी आपली, अशी त्यांची नोकरी होती. काम कधी मिळे, कधी मिळत नसे. भूक मात्र रोजची होती. या दोहोंमधले अंतर ज्या वस्तूने भरून निघे तिचे नाव कर्ज. गिरणगावाचा इतिहास संपांच्या, मोर्चांच्या आणि पुढाऱ्यांच्या नावांनी लिहिला गेला आहे. घरोघरच्या उधारीच्या वह्यांत लिहिला गेलेला दुसरा इतिहास त्या मानाने दुर्लक्षित राहिला.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढे ताडदेवला तिची चाके फिरू लागली. १९२० च्या दशकापर्यंत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास आणि कामगारांची संख्या सुमारे दीड लाखावर गेली होती. ही माणसे रत्नागिरी जिल्ह्यातून, साताऱ्याहून, पुणे-नगरकडून आणि काही उत्तर हिंदुस्थानातून आलेली होती. कोकणातील शेतीचे तुकडे इतके लहान की त्यांवर वर्षाचे धान्य पिकत नसे. सारा भरायला आणि गावच्या सावकाराची बाकी चुकवायला रोख पैसा लागे, तो मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीखेरीज मिळणे कठीण. चाकरमानी घराबाहेर पडे तो बहुधा जुन्या कर्जाचे ओझे डोक्यावर घेऊनच. मुंबई गाठायची ती कर्ज फेडण्यासाठी, आणि मुंबईत टिकण्यासाठी पुन्हा कर्ज काढायचे, असा हा फेरा होता.

दरवाजावर वाट पाहणाऱ्या माणसांची ती गर्दी आपोआप जमलेली नव्हती. कापडाच्या बाजारात चढउतार फार, गिरणीचे भांडवल तोकडे, आणि मागणी वाढली की चार दिवसांत उत्पादन वाढवावे लागे. कामाला हवी त्याहून अधिक माणसे दरवाजाशी हाताशी असणे मालकांना सोयीचे होते. माणूस भरण्याचे, कामावर ठेवण्याचे आणि काढण्याचे अधिकार जॉबरच्या हाती होते. स्त्रियांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. जागा रिकामी झाली की नव्या माणसाकडून दस्तुरी मिळे. त्यामुळे माणसे टिकण्यापेक्षा बदलत राहण्यात जॉबरचा फायदा असे. दस्तुरीचे पैसेही बदलीवाला उसनेच आणी. नोकरी मिळवण्याची किंमत नोकरी मिळण्यापूर्वीच चुकती करावी लागे, आणि ती कर्जातून.

नोकरी मिळाली तरी पगार लगेच हाती पडत नसे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर वाटण्याची पद्धत होती. म्हणजे पहिल्या तारखेला रुजू झालेल्या माणसाला पहिला पगार पाहायला सुमारे दीड महिना लागे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले, त्यात रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे तास आणि अपघाताची भरपाई यांच्या जोडीला एक मागणी पगाराच्या तारखेची होती. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, एवढेच कामगारांचे म्हणणे होते. पंधरा तारखेचीही मागणी करावी लागावी, यावरून प्रत्यक्षात किती उशीर होत असेल याची कल्पना येते. तोवर कामगाराने केलेले श्रम मालकाकडे बिनव्याजी पडून असत आणि त्याच काळात तो स्वतः व्याजाने पैसे काढून जेवत असे.

कर्ज देणाऱ्यांची एक उतरंड होती. सर्वांत जवळचा चाळीखालचा वाणी. तो रोख पैसा क्वचित देई, पण धान्य, तेल, रॉकेल वहीवर मिळे. भाव थोडा चढा आणि माल थोडा हलका, हेच त्याचे व्याज. एकट्या पुरुषांसाठी खानावळवाली असे, जिचे पैसे पगाराच्या दिवशी द्यायचे. थोडेफार सोने किंवा तांब्या-पितळेची भांडी असतील तर ती गहाण ठेवून मारवाड्याकडून पैसे मिळत. काही जॉबर स्वतःच सावकारी करीत, काही दुसऱ्या सावकाराकडे जामीन राहत. ज्याच्याजवळ गहाण ठेवायला काही नाही, ज्याला जामीन मिळत नाही आणि ज्याची नोकरी उद्या असेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही, त्याला उरे तो पठाण. त्याचा दर सर्वांत जबर होता, आणि त्याची वसुली दिवाणी न्यायालयात होत नसे. पगाराच्या दिवशी तो हातात काठी घेऊन गिरणीच्या दरवाजावर उभा असे. बदलीवाल्याला बहुधा याच शेवटच्या पायरीवर यावे लागे, कारण जितकी नोकरी अस्थिर तितकी पत कमी आणि जितकी पत कमी तितके व्याज अधिक.

मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने फिंडले शिरस यांच्या देखरेखीखाली शहरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी आढळली आणि कर्जाचे प्रमाण साधारण अडीच महिन्यांच्या कमाईइतके होते. व्याजाचा रूढ दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५ इतका होता. काही ठिकाणी तो याच्या दुपटीवरही जाई. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपयांच्या आसपास होते. या हिशेबाने १३० रुपये कर्ज असलेल्या घरातून महिन्याला आठ रुपये दोन आणे व्याजापोटीच बाहेर जात. खोलीच्या भाड्यावर सरासरी जेवढे खर्च होई, त्याच्या जवळजवळ दुप्पट ही रक्कम होती. ज्या घरात माणसाला पाय पसरून झोपायला जागा नव्हती, त्या घरात सावकाराचे बिऱ्हाड खोलीपेक्षा महाग पडत होते.

या व्याजाचे गणित नीट पाहण्यासारखे आहे. कोणी ५० रुपये काढले तर महिन्याचे व्याज तीन रुपये दोन आणे. सोळा महिने हे व्याज बिनचूक भरले की मुद्दलाइतकेच ५० रुपये दिले जातात, आणि सतराव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मुद्दल जसेच्या तसे ५० रुपये उभे असते. वास्तविक या प्रदेशाला दामदुपटीचा नियम नवा नव्हता. एका वेळी मागावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हे धर्मशास्त्रातले जुने तत्त्व मुंबई इलाख्यातील न्यायालयेही मानीत असत. परंतु त्या नियमाची भिंत थकलेल्या व्याजापुरती होती. महिन्याच्या महिन्याला वसूल झालेले व्याज तिच्या आड येत नसे. शेतकऱ्याचे व्याज सुगीपर्यंत साचे, म्हणून त्याला त्या नियमाचा काही आधार मिळे. कामगाराचे व्याज पगारासरशी दरवाजावरच घेतले जाई. शिवाय नियमाचा आधार मागायला न्यायालयात जावे लागते, आणि येथे तर ऋणको आणि धनको दोघेही न्यायालयाची पायरी चढत नव्हते.

सरकारी अहवालांत आणि सुखवस्तू वर्गाच्या बोलण्यात कर्जाची कारणे ठरलेली असत : लग्ने, उत्तरकार्ये, दारू आणि एकूण उधळेपणा. ऋण काढून सण करण्याची सवय कामगाराला नडते, असा त्याचा मथितार्थ. यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. लग्नासाठी काढलेले कर्ज अनेक कुटुंबांवर होते, आणि गुत्ते गिरणीच्या वाटेवरच होते. पण लग्न हे आयुष्यातून एकदोनदा येणारे निमित्त आहे. बेकारी, आजार, बाळंतपण आणि गावची मनीऑर्डर ही पुन्हापुन्हा येणारी निमित्ते होती. शिवाय ज्याला आपण नातेवाइकांच्या आणि गाववाल्यांच्या आधारावरच शहरात उभे आहोत हे ठाऊक आहे, त्याला लग्नकार्यातला खर्च टाळणे म्हणजे तो आधारच तोडणे होते. काम सुटले तर गाळ्यात पथारीपुरती जागा देणारे आणि जॉबरकडे शब्द टाकणारे हेच लोक. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा उपदेश योग्यच आहे. मात्र ज्याच्या अंथरुणाची लांबी रोज पहाटे दुसराच कोणी ठरवतो, त्याने पाय किती पसरावेत याचे उत्तर त्या उपदेशात नव्हते.

कर्ज आणि नोकरी यांची गाठ किती घट्ट होती, हे जॉबरच्या भूमिकेवरून दिसते. ज्याच्याकडून उसने घेतले, किंवा जो जामीन राहिला, त्याच्याच हाती उद्याचे काम असे. कर्ज थकले तर काम जाईल ही भीती, आणि काम गेले तर कर्ज फेडण्याचा मार्गच बंद. उलट सावकार-जॉबरलाही आपल्या ऋणकोला अधूनमधून काम देत राहणे भाग असे, नाहीतर त्याची रक्कम बुडे. या परस्परावलंबनाला कामगार कधी आधार म्हणत, कधी फास. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांसाठी तर ही गाठ आणखी आवळलेली होती. धोट्याला सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते, म्हणून विटाळाचे कारण सांगून त्यांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात येऊ दिले जात नसे. कमी पगाराच्या खात्यांतच त्यांनी उमेदवारी करायची, आणि पत म्हणून दाखवायला गावाकडे त्यांच्याजवळ जमीनही नसायची. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला तेव्हा त्यामागे केवळ मानाचा नव्हे, घरखर्चाचाही हिशेब होता.

हा १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बिनपगारी राहिले. अनेक जण गावी गेले. जे राहिले ते धान्याच्या मदतीवर, वाण्याच्या वहीवर आणि सावकाराच्या पैशावर. संपाच्या इतिहासात सभांची आणि वाटाघाटींची नोंद सापडते. पण ज्या वाण्यांनी सहा महिने वही बंद केली नाही त्यांच्यावाचून तो संप इतका लांबला नसता. संप मिटला तेव्हा कामगार पगारासाठी नव्हे, तर बाकीसाठी कामावर परतले असे म्हणता येईल. पुढे फेब्रुवारी १९२९ मध्ये पठाण मुले पळवतात अशी अफवा शहरात उठली, त्यांच्यावर हल्ले झाले आणि त्याचे पर्यवसान भीषण हिंदू-मुस्लिम दंगलीत झाले. दंगलीची कारणे अनेक होती, आणि मारले गेलेले सगळे पठाण सावकारही नव्हते; पुष्कळसे कामगारांसारखेच पोटासाठी दूरदेशाहून आलेले होते. तरीही अशी अफवा इतक्या झटपट खरी का वाटली, याचे एक उत्तर पगाराच्या दिवशी दरवाजावर उभ्या असणाऱ्या त्या काठीत शोधावे लागते. कर्जाचा राग हिशेबाच्या वाटेने बाहेर पडू शकला नाही, तेव्हा तो माणसाच्या जातकुळीवर जाऊन कोसळला.

याच वर्षी जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील कामगारांविषयीचा राजकीय आयोग नेमला गेला. नारायण मल्हार जोशी हे त्याचे एक सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन-तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे, असा अंदाज त्यात होता. म्हणजे हे दुखणे मुंबईपुरते नव्हते. कलकत्त्याच्या तागगिरण्यांपासून कानपूरपर्यंत सर्वत्र हेच चित्र होते. आयोगाने पगार लवकर द्यावा, कर्जासाठी कामगाराला तुरुंगात टाकू नये, त्याचा पगार जप्त होऊ नये, आणि कारखान्याच्या दरवाजावर वसुलीसाठी घेराव घालणे हा गुन्हा मानावा, अशा सूचना केल्या. त्यांतील काही सूचना कायद्यात उतरल्या. प्रामाणिक ऋणकोला तुरुंगात टाकण्यावर १९३६ मध्ये निर्बंध आले, १९३७ च्या दुरुस्तीने पगाराचे पहिले शंभर रुपये जप्तीपासून मुक्त झाले. १९३६ च्या वेतन-प्रदान कायद्याने हजार वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात दहा दिवसांत, आणि त्याहून लहान कारखान्यात सात दिवसांत पगार देणे बंधनकारक केले. लोखंडे यांनी पंधरा तारीख मागितली होती त्याला तेव्हा बावन्न वर्षे झाली होती.

या कायद्यांमागचा विचार मोठा सूचक आहे. कामगाराची पत हीच त्याची शत्रू आहे, ती कमी केली की सावकार आपोआप दूर होईल, अशी आयोगाची धारणा होती. कायम कामगाराच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी ठरण्यासारखी होती. परंतु कायदा जे रक्षण करीत होता ते मिळालेल्या पगाराचे. न मिळालेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला. बदलीवाल्याचे कर्ज पगारावर नव्हे, पगाराच्या आशेवर उभे होते. त्याची पत कमी करणे म्हणजे दरवाजावर वाट पाहत थांबण्याची त्याची ऐपतच काढून घेणे होते. मंदीच्या वर्षांत हे अधिकच जाणवले. गिरण्या बंद पडत होत्या, मजुरीत काटछाट होत होती, आणि सरकारने १९३२-३३ मध्ये पुन्हा केलेल्या पाहणीत कर्जबाजारी कुटुंबांचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश आढळले. दहा वर्षांपूर्वी ते निम्म्याच्या आत होते.

बदलीच्या मुळाशी हात घालणारा पहिला प्रयत्न १९३५ मध्ये झाला. गिरणी मालक संघाने ‘बदली नियंत्रण’ योजना सुरू केली. महिन्याच्या आरंभी ठरावीक माणसांना बदली कार्डे द्यायची आणि गैरहजर कामगारांच्या जागी त्यांतूनच माणसे घ्यायची, असे तिचे स्वरूप होते. त्यामुळे जॉबरची मनमानी काहीशी आवरली गेली आणि कार्डवाल्याला नाव मिळाले. मात्र नाव मिळाले तरी रोजचे काम मिळेलच असे नव्हते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर परिस्थिती पुष्कळ पालटली. १९४६ च्या मुंबई सावकार कायद्याने परवाना, हिशेबाची वही आणि व्याजाची मर्यादा आणली. १९४७ मध्ये वेतनाचे प्रमाणीकरण होऊन किमान पगार ३० रुपये ठरला. १९५२ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी आला. कायम कामगाराला आता पतपेढीचे दार उघडले, कारण त्याच्या पगारातून हप्ता कापून घेता येत होता. बदलीवाल्याच्या मागे असा पगार नव्हता. म्हणून एकाच गाळ्यात, एकाच चुलीवर जेवणारे दोन भाऊ कर्जाच्या दोन वेगळ्या युगांत राहत.

या सगळ्या हिशेबात खानावळवालीचे नाव क्वचितच येते. महिन्याकाठी पंधरावीस पुरुषांचे दोन वेळचे जेवण रांधणारी ही बाई वस्तुतः गिरणगावातील एक मोठी धनको होती, आणि मोठी ऋणकोही. जेवणाऱ्यांपैकी दोघा-चौघांना काम नसले तरी त्यांचे ताट बंद करणे तिला जड जाई; आज उपाशी पाठवले तर मागची बाकीही बुडणार हा व्यवहार त्यात होता, आणि गावचा मुलगा हा जिव्हाळाही. ते पैसे ती वाण्याकडून आणि सावकाराकडून जबर व्याजाने उभे करी. प्रसंगी मंगळसूत्रही गहाण जाई. बदलीवाल्याच्या बेकारीचे व्याज अशा रीतीने एका बाईच्या गळ्यातून वसूल होत होते. १९७४ च्या बेचाळीस दिवसांच्या संपानंतर ही अवस्था उघड्यावर आली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि या बायकांना एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेची कमी व्याजाची कर्जे मिळवून दिली. ज्यांच्याजवळ गहाण ठेवायला काही नाही त्यांची एकमेकींतली ओळख हेच तारण मानता येते, हे येथे सिद्ध झाले. कर्ज तेच, चूलही तीच. फरक व्याजाच्या दराचा होता, आणि त्या फरकाने कितीतरी घरांची भांडी परत फडताळावर आली.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात साठाच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार सामील होते. त्यांच्या गाऱ्हाण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, ही गोष्ट पगारवाढीच्या चर्चेत अनेकदा झाकली जाते. पहाटेच्या दरवाजावरची ती रांग शंभर वर्षांनंतरही संपली नव्हती. पाचपाच, दहादहा वर्षे बदलीत काढलेली माणसे तिच्यात होती. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हळूहळू गिरण्याच थांबल्या, आणि हजारो कायम कामगार एका अर्थाने पुन्हा बदलीवाले झाले : आज पहारेकरी, उद्या हातगाडी, परवा काहीच नाही. वाण्याची वही पुन्हा उघडली गेली. या वेळी वाण्यालाही फार काळ तग धरता आला नाही, कारण त्याचा धंदा पगाराच्या तारखेवर चालत असे आणि ती तारीखच आता उरली नव्हती.

गिरणगावातील कर्जाचा हा इतिहास उधळपट्टीचा नाही आणि केवळ सावकारी जुलमाचाही नाही. तो वाट पाहण्याच्या खर्चाचा इतिहास आहे. उद्योगाला माणसे हाताशी हवी होती, पण त्यांच्या रिकाम्या दिवसांची भाकरी त्याने आपल्या खर्चात कधी मांडली नाही. ती वाण्याने, पठाणाने, खानावळवालीने आणि गावच्या म्हाताऱ्या आईबापांनी आपापल्या परीने मांडली, आणि तिचे व्याज शेवटी त्याच माणसाच्या अंगावर आले. कायद्यांनी पगाराची तारीख ठरवली, व्याजाला मर्यादा घातली, जप्तीला आळा घातला; हे उपकार लहान नव्हेत. पण कामगारांच्या मागण्यांत पगाराच्या तारखेशेजारी कायम नोकरी सतत का राहिली, याचे कारण त्या उधारीच्या वह्यांत आहे. कर्ज फेडायला पैसे लागतात हे सर्वांनाच कळते. उद्याही काम आहे ही खात्री त्याआधी लागते, हे पहाटे दरवाजावरून परत फिरलेल्या माणसाला अधिक नेमके ठाऊक होते.